रविवारचा काटा

१

रविवारी चर्चमधून आल्यावर जेवण, जेवणानंतर वजन, आणि वजन पास झालं तरच केक. आर्डिस स्कोगस्टाडनं हा क्रम ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी ठरवून टाकला आणि तिच्या नवऱ्यानं, मर्लनं, तो मुकाट्यानं मान्य केला. पाठीच्या कण्यात दोन स्क्रू बसवलेला चौसष्ट वर्षांचा माणूस बायकोशी फार हुज्जत घालण्याच्या परिस्थितीत नसतो.

अट अगदी साधी होती. ऑक्टोबरात मर्ल आणि आर्डिसचा धाकटा भाऊ रॉल्फ एल्कच्या, म्हणजे मोठ्या रानहरणाच्या, शिकारीला डोंगरात जाणार होते. नऊ मैल आत, पाच दिवस. वाटाड्या नाही, खेचरं नाहीत. तंबू, शेगडी, खाणं, बंदूक, सगळं आपापल्या पाठीवर. मर्लची सॅक पंचेचाळीस पौंडांच्या आत भरली तर त्यानं जायचं, नाहीतर घरी बसायचं आणि रॉल्फनं दुसरा जोडीदार बघायचा.

"आणि येताना काय करशील?" तिनं विचारलं होतं. "हाडं काढून टाकली तरी दोनशे पौंड मांस असतं त्याचं. ते काय चालत येणारे?"

"फेऱ्या वाढवू. थोडं थोडं आणू," मर्ल म्हणाला. "आणि रॉल्फ आहे की."

"रॉल्फ आहे म्हणूनच विचारतेय."

काटा घरातच होता. गावाच्या टोकाला धान्याचं मोठं कोठार होतं, तिथल्या ट्रकच्या वजनकाट्यावर आर्डिसनं एकतीस वर्षं काढली होती. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा झाल्यावर पुन्हा तोलायचा, मधला फरक म्हणजे गहू. कोठार बंद पडलं तेव्हा सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं मिळाली. आर्डिसनं मात्र पोती तोलायचा जुना काटा मागून घेतला. खाली लोखंडी पत्रा, वर आडवी दांडी आणि दांडीवरून सरकणारं पितळी वजन. बागेकडच्या दारालगत बूट काढायची जी खोली होती, तिथं तो उभा असायचा, आणि आर्डिस त्याला महिन्यातून एकदा तेल द्यायची. मर्लच्या म्हणण्याप्रमाणे, इतकी काळजी तिनं त्याच्या ऑपरेशननंतर त्याचीसुद्धा घेतली नव्हती.

ज्याचं वजन व्हायचं त्यानं दांडीकडे पाठ करून उभं राहायचं, हा तिचा कामावरचा नियम होता. तोच तिनं घरी लावला. मर्ल बागेच्या दाराकडे तोंड करून पत्र्यावर चढला, मागं आर्डिस पितळी वजन बोटानं सरकवत राहिली. मर्ल एकटा एकशे एक्याऐंशी भरला. सॅक एकटी ठेवली, ती भरली त्रेपन्न.

"नापास," आर्डिस म्हणाली, आणि केकवर झाकण ठेवलं.

मग सॅक जमिनीवर ओतली गेली. तिच्यातून दोन तवे निघाले, एक घडीची खुर्ची निघाली, घोड्याच्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा डबा निघाला.

"घोडा कुठाय?" आर्डिसनं विचारलं.

"ते माझ्यासाठी आहे," मर्ल म्हणाला.

२

पुढचे दोन आठवडे स्कोगस्टाडांच्या घरात अशी लगबग होती की बघणाऱ्याला वाटावं लग्नच आहे. फ्रिजवर नकाशा चिकटवला होता आणि त्याच्यावर मर्लनं तीन रंगांच्या खुणा केल्या होत्या. पाणी निळं, तंबू लाल, आणि जिथं एल्क चरायला उतरतील असं त्याला वाटत होतं ते हिरवं. रॉल्फ येऊन रोज एखादी हिरवी खूण खोडून जायचा. तो काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, रस्ते करायचं यंत्र चालवायचा, त्यामुळे डोंगरातली प्रत्येक वाट आपण स्वतः घातली आहे अशा थाटात बोलायचा. आर्डिस मोठ्या पातेल्यात घेवड्याची उसळ आणि खिमा शिजवून ट्रेवर पातळ पसरायची आणि मंद आचेवर वाळवायची. पाच दिवसांचं खाणं अशा पापडांच्या रूपानं पाकिटांत गेलं आणि सॅक तीन पौंडांनी हलकी झाली. मर्लनं टूथब्रशची दांडी करवतीनं कापली.

"अर्धा औंस वाचला," तो म्हणाला.

"अर्धा केक खाऊ नकोस, चार औंस वाचतील."

शिवाय तोंडात रबराची पट्टी धरून मर्ल एल्कच्या मादीचा आवाज काढायचा सराव करायचा. घरात मनाई असल्यामुळे तो पिकअपमध्ये काचा लावून बसायचा. शेजारच्या मिसेस ब्रेडेसननं एकदा येऊन काळजीनं विचारलं की मर्लला दमा झालाय का. आर्डिस म्हणाली, दमा नाही, प्रेमात पडलाय.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. ऑपरेशननंतरचा अख्खा हिवाळा मर्ल खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. दुखणं फेब्रुवारीत थांबलं, पण माणूस उठेना. बोलायला गेलं की हं, जेवायला वाढलं की नंतर. एप्रिलमध्ये शिकारीच्या परवान्यांची यादी लागली, तिच्यात त्याचं आणि रॉल्फचं नाव निघालं, आणि त्या दिवशी मर्लनं स्वतःहून दाढी केली. आर्डिसला डोंगराची भीती होतीच, पण त्या खुर्चीची त्याहून जास्त होती. पंचेचाळीस पौंडांची अट तिनं घातली ती त्याला अडवायला नव्हे. नीट निघावा म्हणून.

तिसऱ्या रविवारी सॅक भरली चव्वेचाळीस.

मर्लनं दोन्ही हात वर केले. आर्डिस म्हणाली, "थांब. आता पाठीवर घेऊन चढ."

"पास झालं ना?"

"भाग वेगळे तोलायचे, मग एकत्र तोलायचे. बेरीज जुळली तरच पावती. एकतीस वर्षं काय मी गंमत म्हणून करत होते?"

मर्ल सॅक चढवून पत्र्यावर उभा राहिला. एकशे एक्याऐंशी आणि चव्वेचाळीस, म्हणजे दोनशे पंचवीस. आर्डिसनं पितळी वजन दोनशे पंचविसावर आणलं. दांडी वरच राहिली. तिनं ते एकेक खूण पुढं सरकवत नेलं. दोनशे एकतीसवर दांडी समतोल झाली.

"खिशात काय आहे?"

खिशात चाकू होता, किल्ल्या होत्या आणि केकचा एक तुकडा होता. सगळं काढलं, तरी दोनशे एकतीसच. मर्ल खाली उतरला, सॅक एकटी ठेवली, चव्वेचाळीस. मर्ल एकटा, एकशे एक्याऐंशी.

"तुझा काटा म्हातारा झालाय," मर्ल म्हणाला. "त्याला खुर्चीत बसव."

आर्डिसनं कपाटातून लोखंडी पन्नास पौंडी वजन काढून पत्र्यावर ठेवलं. काट्यानं पन्नासच दाखवलं. तिनं केक कापला, पण कापताना तिचं लक्ष केकमध्ये नव्हतं.

३

पुढच्या रविवारी सहाचे चौदा झाले.

आर्डिसनं पितळी वजन मागं घेतलं, पुन्हा पुढं नेलं. वेगवेगळे तोलले तर सगळे आकडे सरळ. एकत्र तोलले की दोनशे एकोणचाळीस. मर्ल दाराच्या काचेतून बागेतल्या सफरचंदांकडे बघत शीळ घालत होता.

कोठारात असं व्हायचं, आणि त्याचं कारण दर वेळी एकच निघायचं. काही लबाड ड्रायव्हर भरला ट्रक तोलताना आत बसून राहायचे आणि रिकामा तोलताना उतरायचे. मग गव्हात एक माणूस जास्त भरायचा. आर्डिसला ते इतकं पाठ होतं की बेरीज चुकली की ती खिडकीतून मान बाहेर काढून एकच प्रश्न विचारायची: कोण उतरायचं राहिलंय?

तो प्रश्न आत्ता तिच्या जिभेवर आला, आणि तिला स्वतःचाच राग आला. पत्र्यावर मर्ल होता. मर्लच्या पाठीवर सॅक होती. ट्रकला केबिन असते, मर्लला नव्हती.

"किती?" मर्लनं मागं न वळता विचारलं.

तिनं दांडीकडे पाहिलं. मर्लच्या मानेकडे पाहिलं. उन्हानं ती पुन्हा लालसर झाली होती, हिवाळ्यात मेणासारखी दिसायची.

"दोनशे पंचवीस," आर्डिस म्हणाली.

आयुष्यात तिनं सांगितलेलं हे पहिलं खोटं वजन. सॅक एकटी चव्वेचाळीसच आहे ना, मग अटीप्रमाणे तो पास आहे, असं तिनं भांडी घासताना स्वतःला समजावलं. समजावणं तिला चांगलं जमलं. फक्त तिनं एकच ताट तीनदा घासलं.

४

घरामागं गवताळ डोंगरउतार होता. मर्ल आणि रॉल्फ रोज दुपारी पाठीवर ओझं घेऊन तो चढायचे. सप्टेंबरच्या मध्यावर रॉल्फ एकदा एकटाच स्वयंपाकघरात येऊन बसला आणि तीन ग्लास पाणी प्यायला.

"ताई, तू त्याला काय खायला घालतेस?"

"तू खातोस तेच. का?"

"मी दहा वर्षांनी लहान आहे त्याच्यापेक्षा. माझ्या पाठीत स्क्रू नाहीत. तरी तो पुढं, मी मागं. आणि वर पोचला की घाम नाही, धाप नाही. बोलत असतो."

"तुझ्याशी?"

रॉल्फ हसला, मग थांबला. "तेच कळत नाही. आज वर पोचल्यावर त्यानं मागं न बघताच 'थँक यू' म्हटलं. मी म्हटलं, कशाबद्दल? तर म्हणतो, शेवटच्या चढाला सॅक खालून उचलून धरलीस ना, त्याबद्दल." त्यानं ग्लास टेबलावर फिरवला. "मी वीस पावलं मागं होतो, ताई. हात लांब असते तर रस्त्याचं यंत्र कशाला लागलं असतं?"

"पट्टे सरकले असतील. ओझं कमरेवर बसलं असेल. तसं हलकं वाटतं."

"हो, तसंच असणार," रॉल्फ लगेच म्हणाला. अशी समजूत पटवून घ्यायला तो आलाच होता.

संध्याकाळी जेवताना आर्डिसनं सहज विचारल्यासारखं मर्लला विचारलं. तो खूश होता.

"खरं सांगू? विशीत होतो तेव्हासुद्धा इतकं सोपं गेलं नव्हतं. चढ लागला की असं वाटतं की कुणीतरी मागून हात दिलाय."

"डॉक्टरला सांगायला हवं."

"काय सांगू? की बरं वाटतंय म्हणून?"

मर्लनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि नकाशावरची रॉल्फनं खोडलेली खूण पुन्हा हिरवी केली.

५

आर्डिस बुद्धीनं चालणारी बाई होती. काट्यात खोट नसेल तर ती माणसात असते, आणि माणसातली खोट शोधायला माणसं बदलून बघावी लागतात. पुढच्या रविवारी तिनं रॉल्फला जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर दोघांना रांगेत उभं केलं.

"सैन्यात भरती आहे का?" रॉल्फनं विचारलं.

"सैन्य तुला घेणार नाही. चढ वर."

मर्लची सॅक रॉल्फच्या पाठीवर दिली, बेरीज जुळली. तीच सॅक तिनं स्वतः चढवली, पत्र्यावर उभी राहिली आणि मान वळवून दांडी पाहिली. तिचे एकशे एकोणचाळीस अधिक चव्वेचाळीस, बरोब्बर एकशे त्र्याऐंशी. मग रॉल्फची सॅक मर्लला दिली. जुळलं नाही. शेवटी तिनं मर्लच्या पाठीवर पिठाचं पोतं दिलं. तेही जुळलं नाही. पाठीवर काही नसताना मर्ल एकशे एक्याऐंशी, आणि पाठीवर काहीही दिलं की वर अडतीस. आठवड्यांचा अंदाज घेतला तर ते वाढत होतं.

आकडे तिनं मोठ्यानं सांगितले नाहीत. पण ऐकायला मात्र लागली, कारण काटा बोलतो हे तिला माहीत होतं. लोखंडी पत्र्यावर पाय पडला की खालचा दांडा ठक् वाजतो. माणूस चढताना दोन ठक् होतात, डावा आणि उजवा.

मर्ल सॅक घेऊन चढला. ठक्. ठक्. तो स्थिर झाला, त्यानं हात पट्ट्यांत अडकवले, रॉल्फला काहीतरी म्हणाला. आणि मग सावकाश, कुणाला घाई नसावी तसा, आणखी एक ठक्.

तो उतरला तेव्हा ती पितळी वजनावर बोट ठेवून उभी होती. मर्लचे दोन्ही पाय फरशीवर आले. तो सॅक काढत, रॉल्फला कोपर मारत स्वयंपाकघराकडे निघालासुद्धा. दांडी अजून वर होती. आर्डिसनं मनात एक, दोन, तीन मोजले. मग पत्र्यावरून ठक् असा आवाज आला आणि दांडी खाली पडली.

"ताई, केक," आतून रॉल्फ ओरडला.

"आले," ती म्हणाली. बूट काढायच्या खोलीचं दार तिनं नेहमी उघडं ठेवलेलं असायचं. त्या दिवशी ओढून घेतलं.

६

मग तिनं विचार करायचं टाळायचा ठरवलं, आणि तयारी होतीच बरीच. मांसाच्या कापडी पिशव्या धुवायच्या होत्या. सुऱ्यांना धार लावायची होती. कोण कुठं जाणार, कधी परतणार आणि परतले नाहीत तर कुणाला कळवायचं, याचा कागद लिहून फ्रिजवर लावायचा होता. तो दर वर्षी मर्ल स्वतः लिहायचा. यंदा त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं: निघणार बुधवारी सकाळी, परतणार रविवारी. जाणारे:

त्याच्यापुढं त्यानं 'मर्ल, रॉल्फ' असं लिहिलं होतं, आणि रॉल्फच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन सोडून दिला होता.

"हे काय?" आर्डिसनं विचारलं.

मर्लनं वाकून पाहिलं. "हात गेला असेल." त्यानं स्वल्पविरामाचा पूर्णविराम करून टाकला.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिनं दांडीकडे पाहिलंच नाही. मर्ल सॅक घेऊन उभा होता, स्वच्छ दुपारचं ऊन दाराच्या काचेतून येत होतं, आणि तिनं सॅककडे पाहिलं. सॅक करड्या कापडाची होती. तिचा तळ नेहमी थोडा लोंबायचा, कारण तिथं तंबू कोंबलेला असायचा. तिसरा ठक् झाला. सॅकचा तळ वर गेला. अगदी दोन बोटं, पण गेला. आणि तळाच्या कापडावर दोन ठिकाणी खळगे पडले, एकमेकांपासून जेमतेम वीतभर अंतरावर. जड पातेलं दोन्ही तळव्यांवर उचलून धरलं तर त्याच्या तळाशी जिथं हात येतील, तिथं.

मर्लचे खांदे सैल झाले. तो समाधानानं उसासला.

"किती?"

"दोनशे पंचवीस," आर्डिस म्हणाली. या खेपेला तिला ते दोनदा म्हणावं लागलं.

त्या आठवड्यात तिनं हो आणि नाही दोन्ही बाजूंनी तोलून पाहिलं. हो म्हटलं, तर तो डोंगरात नऊ मैल आत जाईल, आणि त्याच्या मागं जे आहे तेही जाईल, दर आठवड्याला वाढत. ते मदत करतंय, हे दिसत होतं. ते मदत कशासाठी करतंय, हे दिसत नव्हतं. येताना दोनशे पौंड वाहायचे असतात, पण कुणी कुणाला वाहायचं हे अजून ठरलेलं नव्हतं. आणि नाही म्हटलं, तर खुर्ची. आर्डिसला सरळ रडू आलं. तिनं रडून घेतलं, तोंड धुतलं आणि मोज्यांच्या जोड्या लावायला बसली.

७

निघायच्या आधीचा शेवटचा रविवार निरभ्र होता. रॉल्फ त्याच्या बायकोच्या माहेरी जेवायला गेला होता, त्यामुळे घरात दोघंच होती. मर्लनं नवा शर्ट घातला होता.

"अंतिम परीक्षा," तो म्हणाला. "बाई, पेपर सोपा काढा."

सॅक चव्वेचाळीस. मर्ल एकशे एक्याऐंशी. तो सॅक घेऊन चढला, आणि तिसरा ठक् त्या दिवशी असा वाजला की कपाटातल्या बरण्या हलल्या. आर्डिस पितळी वजन ढकलत गेली. अडीचशे. पावणेतीनशे. तीनशे. तीनशे बावीसला दांडी थांबली. वरचे सत्त्याण्णव.

"किती?"

खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि तिला ते जमेना. एकतीस वर्षांचं बोट त्या पितळेवर होतं.

"तीनशे बावीस," ती म्हणाली.

मर्ल हसला. मग वळून त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

"मर्ल, तू जाऊ नकोस." आणि तिनं सगळं सांगितलं. सहा, चौदा, अडतीस, आजचे सत्त्याण्णव. तिसरा आवाज. मागाहून पडणारी दांडी. सॅकच्या तळाचे खळगे. सांगताना ते तिला स्वतःलाच वेड्यासारखं वाटत होतं, पण आकडे बरोबर होते.

मर्ल भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं थट्टा केली असती तरी चाललं असतं. तो पत्र्यावरून उतरला, सॅक भिंतीला टेकवली, बाकावर बसला आणि बुटांचे बंद सोडायला लागला. एक बूट काढून झाल्यावर दुसऱ्याचं त्याला भानच राहिलं नाही. तो हातात बूट घेऊन बागेच्या दाराच्या काचेकडे बघत राहिला. ती नजर आर्डिसच्या ओळखीची होती. डिसेंबर ते एप्रिल तिनं रोज तीच नजर पाहिली होती.

मागं दांडी पडल्याचा ठक् आवाज झाला. दोघांपैकी कुणी वळून पाहिलं नाही.

"मर्ल," ती म्हणाली.

"हं."

त्या एका 'हं'नं तिचा जीव कासावीस झाला. तिनं काही विचार केला नाही. भिंतीजवळची सॅक उचलली, पट्ट्यांत हात घातले, कमरेचा पट्टा ओढला. चव्वेचाळीस पौंड तिच्या खांद्यात रुतले.

"काय करतेयस?"

"दुसऱ्यानं तोललं पाहिजे. माझं बोट चुकत असेल. ऊठ, तू दांडी बघ."

"मला कुठं येतं?"

"तीस वर्षं बघतोयस. ऊठ."

तो एक बूट घालून, एक पाय मोज्यात, लंगडत काट्यामागं गेला. आर्डिस बागेच्या दाराकडे तोंड करून पत्र्यावर चढली. ठक्. ठक्. बाहेर सफरचंदाखाली मिसेस ब्रेडेसनचा कुत्रा झोपला होता. मागं मर्ल पितळी वजन शोधत होता, ते दांडीवरून खरखरत पुढं आलं. मागच्या महिन्यात तिच्या पाठीवर हीच सॅक बरोबर भरली होती. आजही भरेल, आणि मग खोट मर्लच्या पाठीत आहे एवढं तरी सिद्ध होईल, मग डॉक्टर, मग काहीतरी.

तिच्या मागं, सावकाश, आणखी एक ठक् झाला.

पट्टे तिच्या खांद्यांवरून सुटले. सॅक होती तिथंच होती, पण तिचं ओझं कुणीतरी तळाशी हात घालून आपल्याकडे घेतलं होतं. अगदी हळू घेतलं, माणसाला धक्का बसू नये अशा बेतानं. गेल्या हिवाळ्यात मर्लला उठवता बसवता तिची स्वतःची कंबर धरली होती, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती कंबर मोकळी झाली. तिनं पूर्ण श्वास घेतला, आणि असा श्वास आपण किती महिन्यांनी घेतोय याचं तिला नवल वाटलं. मानेवर, केसांच्या खाली, गारवा येत होता आणि थांबत होता, येत होता आणि थांबत होता.

तिनं मागं पाहिलं नाही. मर्ल मागं होता, त्याला दिसत असणार. पितळी वजन पुढं सरकत होतं. सरकतच होतं. एकशे त्र्याऐंशीला इतका वेळ लागत नाही. मग ते थांबलं.

"किती?" आर्डिसनं विचारलं.

"एकशे त्र्याऐंशी," मर्ल म्हणाला.

आवाज अगदी सरळ होता. गेले कितीतरी रविवार तिनं स्वतः हाच आवाज काढला होता, त्यामुळे तिला तो लगेच ओळखू आला. त्यानं तो तिच्यासाठी काढला होता, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरोबर जुळलं," ती म्हणाली.

"जुळलं," तो म्हणाला.

बाहेर कुत्र्यानं डोकं उचललं, दाराच्या काचेकडे पाहिलं, आणि उठून कुंपणापलीकडे निघून गेला.

आर्डिस उतरली. पाय फरशीवर टेकवून, सॅक न काढता, ती दांडी पडायची वाट बघत उभी राहिली. दांडी पडली नाही. ओझंही परत खांद्यांवर आलं नाही. तिनं कमरेचा पट्टा आणखी एक घर घट्ट केला.

"बुधवारी किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.

मर्लनं तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडेच पाहिलं, तिच्या खांद्यावरून मागं नव्हे, आणि ते त्याला जड गेलं हे तिला दिसलं.

"तुझ्याकडे परवाना कुठाय?"

"मला कुठं मारायचंय काही? चालायलाच तर येतेय."

तो हसला. त्यानं खाली बसून दुसरा बूट पायात चढवला आणि बंद बांधले. मग फ्रिजवरचा कागद आणायला गेला.